सुनेचा नवस मी पुरा केला

माझ्याकडून आयुष्यात तीन मोठ्या चुका झाल्या. पहिल्या दोन फक्त आमच्या हिला ठाऊक होत्या. ती गेली, त्या तिच्याबरोबर गेल्या. तिसरी मात्र अख्ख्या सहावी ‘ब’ला ठाऊक आहे! म्हणून म्हटलं, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. बसा, चहा घ्या. मी बोलतो सावकाश, त्यामुळे चहा माझ्याआधी संपेल. दुसरा ठेवू.

मी पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं रंगवणारा. फ्लेक्स येण्याआधी कल्याण-डोंबिवलीत दुकानांवर जे पत्र्याचे बोर्ड होते, त्यातले निम्मे माझे. आता निम्मे म्हणजे मोजायला जाऊ नका, पण बरेच.

शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो. इंग्रजी वाचता येत नाही, पण रंगवता येतं. हसताय काय? गिऱ्हाईक चिठ्ठीवर शब्द लिहून द्यायचं, मी तो चित्रासारखा बघायचो. ओ म्हणजे भोपळा. सी म्हणजे चंद्रकोर. बारक्या लिपीतला एम म्हणजे दोन कमानींचा पूल. एकदा रंगवलेला शब्द माझा हात विसरत नाही. डोक्याला अर्थ माहीत नसतो, हाताला वळणं माहीत असतात.

असाच एक शब्द मला खडवलीला भेटलेला. वीसएक वर्षं झाली. तिथे एका वृद्धाश्रमाचा बोर्ड करायचा होता. मालक म्हणाले, “पेंटर, बारक्या लिपीत करा, मऊ दिसते.” त्यात एक शब्द एवढा लांब की पत्र्यावर मावेना! पहिल्या अक्षरानंतर दोन चंद्रकोरी, मग भोपळा, मग पूल, मग परत भोपळा, आणि पुढे आणखी तीन-चार अक्षरं. मी विचारलं, “साहेब, हा आगगाडीएवढा शब्द कसला?”

“तोच तर मुद्द्याचा. अकोमोडेट. म्हणजे आपण म्हाताऱ्यांना इथे ठेवून घेतो.”

मी तो कसाबसा बसवला. कसा बसवला ते पुढे कळेल. पण माझ्या डोक्यात पक्कं झालं, की अकोमोडेट म्हणजे म्हाताऱ्यांना आश्रमात ठेवणं. दुसरा अर्थ मला कोण सांगणार?

आता घरी या. डोंबिवलीत आमची दोन खोल्यांची जागा. मुलगा नितीन, सून मेघा आणि मी. मेघा शाळेत शिकवते, सहावीला इंग्रजी. मुलगी सोन्यासारखी. माझ्या चहात साखर किती, हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. माझी लोखंडी खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी. खाटेखाली ब्रश, डबे आणि वास.

एका संध्याकाळी मी बागेतून लवकर परत आलो. मेघा जमिनीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. मला बघितलं आणि वही झटकन उशीखाली!

“काय गं लिहितेस?”

“काही नाही बाबा. असंच. चहा टाकू?”

मी म्हटलं, टाक. पण मेघाने आजवर माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. आपला चेहरा कसा चोरटा होतो, हेसुद्धा त्या पोरीला माहीत नव्हतं, इतकी ती सरळ.

ती आत गेली. उशी जरा सरकलेली होती. मी वही काढली नाही हो! वहीच थोडी बाहेर आलेली. मी फक्त उरलेली काढली.

पानभर एकच शब्द. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. आणि शब्द कुठला? दोन चंद्रकोरी, भोपळा, पूल, भोपळा!

मी वही परत उशीखाली सारली आणि खाटेवर बसून राहिलो.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने एवढं काय? सांगतो. आमची ही रामनामाच्या वह्या भरायची. पानभर राम, राम, राम. नितीनला नोकरी लागावी म्हणून तिने सात वह्या भरलेल्या. त्याआधी माझी दारू सुटावी म्हणून अकरा. दोन्ही कामं झाली. तेव्हा मनात इच्छा धरून एकच शब्द पुनःपुन्हा लिहायचा, म्हणजे काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. तो नवस असतो!

आणि माझी सून वृद्धाश्रमाचा शब्द लिहीत होती.

त्या रात्री ताटात वालाचं बिरडं. सण नाही, वार नाही. “बाबा, आणखी घ्या ना,” म्हणाली. मी घास ताटातल्या ताटात फिरवत बसलो. निरोपाचं जेवण असंच असतं की नाही?

दुसऱ्या दिवशी नितीन टेप घेऊन माझी खाट मोजायला लागला. तोंडाने पुटपुटतोय, “सहा फूट... ही हलली तर जागा होते.”

“काय रे मोजतोस?”

“काही नाही बाबा. नंतर सांगतो.”

आता तुम्हीच सांगा, आणखी काय पुरावा पाहिजे?

बागेत माझा मित्र दत्ता भेटला. दत्ताचा स्वभाव असा, की तुम्हाला शिंक आली तरी तो न्युमोनियाच्या दोन गोष्टी सांगतो. त्याला सगळं सांगितलं.

“किती वेळा लिहिलंय?” त्याने विचारलं.

“मोजलं. अठ्ठेचाळीस.”

“म्हणजे शंभरचा संकल्प असणार. निम्मं झालं की! पेंटर, तुझ्याकडे दोन दिवस आहेत.”

“अरे, धीर दे ना जरा.”

“देतो की. खडवलीला हवा चांगली आहे.”

मी रात्रभर विचार केला. रडलो नाही. राग तर अजिबात आला नाही. दोन खोल्या, तिघं माणसं, वर माझे डबे आणि टर्पेंटाइनचा वास. तिने एकदा तोंडाने सांगितलं असतं तर मी गेलो असतो. पण सांगणार कसं? जीभच रेटणार नाही तिची. म्हणून बिचारी देवाला साकडं घालतेय. शाळा, घर, स्वयंपाक, आणि वर हे शंभर वेळा लिहिणं!

आणि इथे, मंडळी, मी ती चूक केली.

पहाटे पाचला आमच्याकडे पाणी येतं. पाणी भरायला मीच उठतो. बादली नळाखाली लावली आणि बघितलं, तर वही तिच्या शाळेच्या पिशवीतून डोकावत होती. मला वाटलं, नवस अर्धा राहिला तर दोष तिला लागेल. पोरगी दमलीय. आपला हात चालतो. आपण पुरा करून टाकू.

होय! मला घराबाहेर काढण्याचा नवस मीच पुरा करायला बसलो. असा सासरा तुम्ही बघितलाय?

चष्मा लावला, पेन घेतलं. अजून अठ्ठेचाळीसच होते. वर बघायचीसुद्धा गरज नव्हती, हाताला शब्द पाठ. बावन्न वेळा लिहिला. आणि कसा लिहिला! भोपळे सगळे एका मापाचे, पूल सगळे एका उंचीचे. देवाने बघितलं तर म्हणेल, वा पेंटर! शंभर झाल्यावर खाली बारीकसं स्वस्तिकही काढलं. वही पिशवीत होती तशी ठेवली.

नळ बंद करायला मात्र विसरलो. मोरीत तळं झालेलं.

मेघा सातला शाळेत गेली, नितीन आठला. मी दोन सदरे, एक धोतर, औषधं आणि तीन चांगले ब्रश पिशवीत भरले. बाकीचे डबे शेजारच्या कुलकर्णी वहिनींना दिले, तुळशीच्या कुंड्या रंगवायला. त्यांनी विचारलं, “कुठे निघालात?” मी म्हटलं, “माझ्या जागी.” त्यांचा चेहरा जो पडला, तो बघून मला वाटलं की आपण जरा चुकीचं बोललो, पण खुलासा करत बसलो नाही.

फोन खाटेवर ठेवला आणि त्याखाली चिठ्ठी: ‘चि. मेघास आशीर्वाद. तुझा नवस मी पुरा केला आहे. खडवलीला जातो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. दूध ओट्यावर आहे, तापवलेलं नाही.’

अकरा वाजता खडवलीला पोचलो. आश्रमाच्या फाटकावर माझा बोर्ड! पत्र्याला कडेने गंज, पण अक्षरं अजून जागच्या जागी. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आत ऑफिसात एक गृहस्थ बसले होते, तिथले व्यवस्थापक.

“या आजोबा. कोणाला भेटायचंय?”

“कोणाला नाही. राहायला आलोय.”

“बरं. घरून कोण आलंय सोबत?”

“कोणी नाही. त्यांना सांगायला जड जात होतं, म्हणून मीच आलो.”

“कोण म्हणालं तुम्हाला या म्हणून?”

“म्हणालं कोणी नाही. सुनेचा नवस होता.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग पंख्याकडे बघितलं. म्हणाले, “आजोबा, एक तर घरच्यांच्या सहीशिवाय आम्ही घेत नाही. आणि दुसरं म्हणजे सध्या जागा नाही. नाव लिहून घेतो. वेटिंग आहे.”

ह्या वयात वेटिंग! घरात जागा नाही म्हणून आलो, आणि इथे माझ्याच हाताने रंगवलेल्या बोर्डाखाली मला जागा नाही!

“मग मी बाहेर बसू का जरा?”

“बसा की. जेवूनच जा.”

व्हरांड्यात चार म्हातारे पत्ते खेळत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हे तरी हळहळतील. त्यातल्या एकाने पान टाकता टाकता विचारलं, “सून जेवायला देते?”

“देते.”

“काय काय देते?”

“वालाचं बिरडं.”

चौघांनीही पत्ते खाली ठेवले. “वालाचं बिरडं सोडून आलात?” दुसरे म्हणाले. “डोकं तपासून घ्या. डॉक्टर गुरुवारी येतात इथे.”

जेवलो. जेवण चांगलं होतं, पण माझ्या पानात मीठ वाढलं नव्हतं आणि मागायचं धाडस झालं नाही. घरी मागावं लागत नाही. तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. मिठासाठी रडायची पाळी कोणावर येऊ नये.

दुपारी तीनच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. मेघा उतरली. साडी तीच, शाळेची. केस विस्कटलेले. एका हातात माझी चिठ्ठी, दुसऱ्या हातात वही. तरातरा आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रागावलीय की रडतेय कळेना. बहुतेक दोन्ही.

“बाबा! हे काय आहे?”

“तू का आलीस उन्हात? मी व्यवस्थित आहे.”

“कसला नवस? कोणी केला नवस?”

“अगं, तू. वहीत. मी बघितलं. मला राग नाही हो त्याचा. पुरापण करून ठेवलाय.”

ती खाली पायरीवरच बसली. “बाबा, ती शिक्षा आहे!”

“कोणाला?”

“मला!”

मग तिने सांगितलं ते ऐका. तिच्या वर्गात नियम आहे. जो शब्द चुकेल तो शंभर वेळा लिहायचा. गेल्या आठवड्यात तिनेच फळ्यावर अकोमोडेट लिहिताना चूक केली. एम दोन असतात, तिने एकच लिहिला. पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने डिक्शनरी उघडून दाखवली आणि अख्खा वर्ग ओरडला, “टीचर, तुम्ही पण शंभर वेळा!”

दुसरी कोणी असती तर डोळे वटारून गप्प केलं असतं. आमची मेघा म्हणाली, “बरोबर आहे. नियम सगळ्यांना.” आणि घरी येऊन लपून लिहायला लागली.

“मग लपवलीस कशाला?”

“नितीनला कळलं असतं तर त्याने वर्षभर चिडवलं असतं. ‘टीचरबाईंना शिक्षा,’ म्हणून. आणि तुम्ही सगळ्या बागेला सांगता, माझी सून इंग्रजी शिकवते. तुम्हाला काय तोंड दाखवू?”

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

“आणि आज काय झालं ठाऊक आहे? मुलांनी वही मागितली. मी म्हटलं, निम्मी झालीय, उरलेली उद्या. उघडून बघते तर पूर्ण! खाली स्वस्तिक! मला वाटलं, मलाच वेड लागलं. मुलांनी वही घेतली आणि मोजायला लागली. पहिले अठ्ठेचाळीस बरोबर. पुढचे बावन्न...”

“सुंदर आलेत ना?”

“सुंदर आलेत! सगळे चुकलेत! बावन्नच्या बावन्न! एकच एम! वर्गाने बाकं वाजवली, बाबा. आता मला दोनशे वेळा लिहायला सांगितलंय!”

“अगं, पण मी रंगवलेला शब्द विसरत नाही. तो बघ, फाटकावर आहे. जसाच्या तसा.”

ती उठली. फाटकापर्यंत गेली. मीही मागून गेलो. तिने मान वर करून बोर्ड वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. व्यवस्थापकही बाहेर आले, पत्तेवालेही आले.

“बाबा, हा कोणी रंगवला?”

आता लपवून काय उपयोग? म्हणालो, “पत्रा कमी पडला होता. दोन पूल शेजारी शेजारी, अगदी सारखे. मी म्हटलं, जुळ्यांतला एक कमी झाला तर कोणाला कळतंय? चार कमानींचं काम दोन कमानींत भागवलं.”

“म्हणजे वीस वर्षं हा बोर्ड असाच?”

व्यवस्थापक म्हणाले, “मी रोज त्याच्याखालून जातो हो. मला कधी दिसलं नाही.”

मेघाने पदराने तोंड पुसलं. आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला. “बाबा, ह्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?”

“म्हाताऱ्यांना आश्रमात ठेवणं.”

“नाही हो! सामावून घेणं. जागा करून देणं. आपल्याकडे गणपतीत पाहुणे आले की आपण दोन खोल्यांत नऊ माणसं झोपवतो ना, तेसुद्धा अकोमोडेट. दुसऱ्याच्या सोयीसाठी आपलं थोडं बदलून घेणं, तेपण अकोमोडेट. आणि एवढा जागा करून देणारा शब्द, त्यातल्याच एका अक्षराला तुम्ही जागा दिली नाहीत!”

पत्तेवाल्यांपैकी एक मला म्हणाला, “बघा. आणि वर तुम्हीच जागा मागायला आलात.”

खरं सांगू? तीन दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला टाकला, असं झालं. मी सगळ्यांदेखत हसलो. लाज वाटत होती, पण लाज एवढी हलकी असते हे मला माहीत नव्हतं.

“आणि ती खाट?” मी हळूच विचारलं. “नितीन मोजत होता ती?”

“अहो, वॉशिंग मशीन घेतोय हप्त्यावर. खाट चार बोटं सरकवली की बसतंय. तुम्हाला धोतर हाताने पिळायला लागू नये म्हणून. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“बिरडं?”

“वाल मोड येऊन तयार होते, बाबा! बिरड्याला काय मुहूर्त लागतो?”

घरी आलो. नितीन दारातच उभा. मला वाटलं, ओरडेल. तो नुसता म्हणाला, “पुढच्या वेळी जाताना दूध तापवून जा.” आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धुवत बसला. कुलकर्णी वहिनींनी डबे परत आणून दिले. एका डब्यातला हिरवा रंग मात्र संपला होता. त्यांच्या कुंड्या झाल्यासुद्धा.

आता शिक्षेचं. मेघाने वर्गाला खरं काय ते सांगितलं. वर्गाने न्याय केला: टीचरने आपले बावन्न पुरे करायचे, आणि आजोबांनी शंभर. माझ्यासाठी नवी वही आली. मी रोज खिडकीशी खाटेवर बसून लिहीत होतो, चारही कमानी मोजून. दत्ता आला, डोकावला आणि कुजबुजला, “पेंटर, हा कोणाला घालवायचा नवस?” त्याला मी चहा दिला नाही.

वही शाळेत तपासायला गेली. शंभरातले नव्याण्णव बरोबर. एकावर लाल गोल. मी आयुष्यभर बोर्ड रंगवले, एकाने गोल मारला नव्हता. पण खाली त्या चुणचुणीत मुलीने लिहिलं होतं, ‘आजोबा, अक्षर छान.’ ते पान मी फाडून ठेवलंय.

रविवारी मेघा आणि मी ब्रश आणि डबा घेऊन परत खडवलीला गेलो. व्यवस्थापकांनी शिडी धरली, मेघाने डबा धरला. चंद्रकोर नाही, भोपळा नाही, फक्त एक पूल घालायचा होता. पण जागा होती दोन बोटांची.

“बसेल का हो, बाबा?” तिने खालून विचारलं.

“बसेल. जरा अंग चोरून उभा राहील. पण आत राहील.”

बसवला. बारीक आला, दोघांच्या मधे दबलेला, पण उभा. मी शिडीवरून उतरलो, दोन पावलं मागे झालो, कमरेवर हात ठेवले. चार कमानी! काम चोख! म्हटलं, वीस वर्षांचं एक ओझं उतरलं.

मेघा बोर्डाच्या खालच्या ओळीकडे बघत होती. ओठ हलत होते, एकेक अक्षर वाचत.

“बाबा,” ती म्हणाली, “पत्रा खालीपण कमी पडला होता का हो?”

मी विचारलं, “किती कमी पडलाय?”

तिने पिशवीत हात घातला आणि कोरी वही काढली.